तिसऱ्या दिवशीचे वाक्य

शवपेट्या करणाऱ्या माणसाशी लोक फार मोकळेपणाने वागत नाहीत. तो समोरून आला की वृद्ध माणसे नकळत ताठ चालू लागतात आणि ज्याला खोकल्याची उबळ आली असेल तो ती गिळून टाकतो. ज्या गृहस्थांची ही हकीकत आहे त्यांनी हे चव्वेचाळीस वर्षे पाहिले होते आणि त्याचा विषाद मानण्याऐवजी ते त्यातली गंमत घेत असत. त्यांच्या ख्रिस्ती मंडळीतले लहानथोर सगळे त्यांना पेटीमामा म्हणत. एखादा जाता जाता म्हणे, "मामा, असं बघू नका हो, माप घेतल्यासारखं वाटतं." मामा कानावरची पेन्सिल काढून म्हणत, "माप कधीच घेतलंय. दाराला टेकून उभे राहता ना, चौकटीवर खूण आहे."

घर तीन खोल्यांचे. पुढच्या खोलीत काम चाले. भिंतीला फळ्या टेकवलेल्या, मध्ये लांबलचक बाक आणि बाकाखाली रंध्याने काढलेल्या कुरळ्या सालींचा ढीग. मागची खोली स्वयंपाकाची. मधली खोली थोरल्या बहिणीची. तिला मामा ताई म्हणत. पती लवकर गेल्यावर ती एका मुलाला घेऊन भावाकडे आली, शाळेत शिवण शिकवून तिने मुलाला वाढवले, आणि तो पाळक झाला, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू. आता तो दूरच्या एका मोठ्या शहरात मोठ्या ख्रिस्तमंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, प्रवचने करीत असे.

ताईचे हृदय थकले होते. डॉक्टरांनी एके दिवशी मामांना बाजूला घेऊन सांगितले, "आठवडा. फार तर दहा दिवस." भिंतीपलीकडून ताईचा आवाज आला, "मला ऐकू येतंय, डॉक्टर. कान ठणठणीत आहेत माझे." आणि डॉक्टर गेल्यावर ती भावाला म्हणाली, "माप घेऊन टाक. मेल्यावर घेशील तर मला ओरडता यायचं नाही."

मामांनी टेप लावला. "पाच फूट एक."

"दोन. नीट बघ. आयुष्यभर पाच-दोन होते मी."

"म्हातारपणी माणूस आटतं, ताई."

"मग पाच-तीनची कर. उठताना डोकं आपटायला नको."

या विनोदाखाली दगडी पाया होता. देह मातीत ठेवावा आणि तो उठेल अशा खात्रीने ठेवावा, कारण एक जण, येशू, आधीच उठला आहे, हे तिच्या दृष्टीने वस्तुस्थितीचे वर्णन होते. सांत्वनासाठी योजलेली ती कल्पना नव्हे. परंतु तिच्या मनाला एक काटा सलत होता आणि तो तिने त्याच दिवशी बोलून दाखवला.

"पोरगं 'उठला' म्हणत नाही आता," ती म्हणाली. मुलाची छापील प्रवचने टपालाने येत. दोन वर्षांची प्रवचने तिने उशाखाली ठेवली होती. "'त्याची शिकवण अमर आहे' म्हणतो. 'शिष्यांच्या अंतःकरणात तो जागा झाला' म्हणतो. शिकवण तर आमच्या हेडमास्तरांचीही अमर आहे, अजून सगळे पाढे पाठ आहेत मला. त्यासाठी कोणी मंदिर बांधतं का?"

"शहरातली भाषा असेल ती, ताई."

"भाषा मला कळते. ऐक. मला मातीत त्यानंच ठेवावं असं फार वाटतं. पण माझ्या डोक्यावर उभा राहून खोटं बोलायचं असेल तर नको. त्याला मनापासून म्हणता येत नसेल तर त्यानं मंदिरात बाकावर बसावं आणि दफनाची प्रार्थना तू वाचावीस. एवढं मला जायच्या आधी कळायला हवं."

मरणाऱ्या स्त्रीची ही एकच मागणी होती आणि ती पुरी करणे भावाच्या हाती नव्हते.

त्या मंडळीत पूर्वापार एक रीत होती. कोणी अंथरुणाला खिळून अखेरच्या वाटेला लागला की पाळकाने त्याच्या उशाशी उभे राहून विश्वासांगीकार म्हणावा, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची बारा वाक्ये. मात्र एकट्याने नव्हे. एक वाक्य पाळकाने म्हणायचे, पुढचे रोग्याने. प्रारंभ नेहमी पाळकाचा. त्यामुळे बारावे वाक्य, सार्वकालिक जीवनाचे, मरणाऱ्याच्याच मुखी येई. पाचवे, ख्रिस्त तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठला हे, आणि अकरावे, देहाच्या पुनरुत्थानाचे, ही दोन्ही पाळकाच्या वाट्याची. रोग्याला कितीही धाप लागली तरी त्याचे वाक्य दुसऱ्याने म्हणायचे नाही. थांबायचे, वाट पाहायची. साक्ष उसनी देता येत नाही, असे जुनी माणसे म्हणत.

भाचा मंगळवारी दुपारी आला. चौतिशीचा, चष्मा लावणारा, आवाजाने मृदू. आईचे पाय चेपीत तो बराच वेळ बसला. मग पुस्तक काढून उभा राहिला. मामा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते.

"आई," तो म्हणाला, "आज तू सुरुवात कर. तुझा मान आहे."

वरवर पाहता हे मुलाचे मार्दव होते. परंतु ज्याने आयुष्यात शेकडो वेळा हा पाठ ऐकला होता त्याला हिशेब क्षणात उलगडला. आईने सुरुवात केली तर पाचवे आणि अकरावे तिच्या वाट्याला जाणार होते.

ताईने मुलाकडे पाहिले आणि काही न बोलता पहिले वाक्य म्हटले. त्याने दुसरे म्हटले, येशू हा देवाचा एकुलता पुत्र आणि आमचा प्रभू, असे. तिने तिसरे. त्याने चौथे म्हटले, वधस्तंभ, मरण आणि कबर यांचे, आणि ते त्याने फार सुंदर म्हटले. पाचवे ताईने म्हटले नाही. ताईला धाप लागलेली नव्हती.

"मोजून आलास?" तिने विचारले.

त्याचे कान लाल झाले.

"लहानपणी भाजीतली मिरची काढून माझ्या ताटात टाकायचास," ती म्हणाली. "तेव्हा मी खायचे. जा, मामाला हात लाव जरा. मी पडते."

पुढच्या खोलीत ताईचीच पेटी बाकावर होती. चार बाजू जुळल्या होत्या, झाकणाची फळी अजून खडबडीत होती. मामांनी रंधा उचलून भाच्यापुढे धरला.

"या पाळकसाहेब. रंधा धरता येतो का, की त्याचाही आता रूपकात्मक अर्थ असतो?"

"मामा, टोमणे पुरेत."

"टोमणा कुठला? आईच्या तोंडात स्वतःच्या वाट्याचा घास ढकलणारा पहिलाच पाळक पाहतोय मी. कौतुक वाटलं."

भाच्याने रंधा फळीवर ठेवला, पण चालवला नाही. "मला खोटं बोलायचं नव्हतं आणि तिला दुखवायचंही नव्हतं. दुसरा मार्ग सुचला नाही. मला नाही वाटत ते घडलं असेल. मी वाचलंय, अभ्यास केलाय. प्रिय गुरू गेल्यावर शोकानं व्याकूळ झालेल्या माणसांना तो जवळ असल्याचा भास होतो. त्यातून कथा होते, कथा वाढते, आणि दोन पिढ्यांनी गुरूचा देव होतो."

"शोक!" मामा स्टुलावर बसले. "शोकाचं मला विचार ना. चव्वेचाळीस वर्षं शोकच येतो या दारातून. नवरा गेलेली बाई सांगते, 'मामा, रात्री त्यांची पावलं वाजली.' दुसरी म्हणते, 'खुर्चीत बसलेले दिसले.' मी मान हलवतो. खरंच दिसतं त्यांना. पण आजवर एकही बाई परत येऊन म्हणाली नाही की मामा, ते आले, जेवले, आता पेटी परत घ्या. भास झालेल्या माणसाला पक्कं ठाऊक असतं की आपला माणूस मातीत आहे. म्हणून तर तो रडतो."

"तो काळ वेगळा होता. माणसं भोळी होती."

"मेलेलं माणूस उठत नाही हे कळायला कॉलेजात जावं लागत नाही. त्याच्यामागून फिरणाऱ्या बायका कबरीकडे सुगंधी द्रव्यं घेऊन गेल्या होत्या. कशाला? प्रेताला लावायला! उठेल असं वाटलं असतं तर रिकाम्या हातांनी गेल्या असत्या. कबर रिकामी आहे असं शिष्यांना सांगितलं तर ते म्हणाले, बायका बडबडतात. आणि कथाच रचायची तर पहिला साक्षीदार म्हणून बाई कोण घेईल? ज्या काळात बाईची साक्ष कोर्टात धरत नसत, त्या काळात?"

भाचा म्हणाला, "कदाचित तो मेलाच नसेल. मूर्च्छा असेल."

मामा हसले, पण ते हसणे फार गोड नव्हते. "मारणारे शिपाई होते, बाळा. माझ्यासारखेच, रोजच्या कामाचे. रोजचं काम करणारा माणूस अशी चूक करत नाही. आणि समज, केली. अंगावर जखमा, बरगडीत भाला, असा माणूस रांगत रांगत बाहेर आला, तर त्याला बघून तू काय म्हणशील? 'डॉक्टरांना बोलवा' म्हणशील. पायांवर लोटांगण घालून 'माझ्या देवा' नाही म्हणायचास."

भिंतीपलीकडून चमच्याने पेल्यावर टकटक झाली. "भांडा," ताईचा क्षीण आवाज आला, "पण रंधा चालू ठेवा. आवाज आला की बरं वाटतं."

भाच्याने रंधा ढकलला. एक लांब साल निघाली. आता दोघेही हळू बोलू लागले आणि त्यामुळे बोलणे अधिकच धारदार झाले.

"दुसरं वाक्य कसं म्हटलंस?" मामांनी विचारले. "एकुलता पुत्र, प्रभू. ते तर खुशाल म्हणालास."

"प्रभू म्हणजे गुरू अशा अर्थानं."

"गुरूला तेवढ्यावर कोणी मारत नाही. हे बघ. समजा तू शेजाऱ्याला फसवलंस, आणि मी रस्त्यातून जाता जाता म्हणालो, 'जा, तुझा अपराध माफ.' शेजारी मला काय म्हणेल?"

"म्हणेल, तुम्ही कोण?"

"तेच लोक येशूला म्हणाले. ज्याचा अपराध केला तो माफ करतो, नाही तर प्रत्येक अपराध शेवटी ज्याचा होतो तो, म्हणजे देव. हा माणूस परक्यांची पापं क्षमा करत फिरला. मग तो वेडा तरी, लबाड तरी, नाही तर म्हणाला तोच. नुसता चांगला गुरू म्हणून त्याला घरात घेता यायचं नाही. आणि तो कुठल्या लोकांत बोलत होता? एकाच देवाला मानणारे, मूर्तीपुढे मान लववण्यापेक्षा मान कापून देणारे. ज्याच्याबरोबर जेवले, ज्याला दमून होडीत झोपलेलं पाहिलं, त्याचीच त्यांनी एकदम आराधना सुरू केली. तू माझं घोरणं ऐकलंयस. मला देव म्हणशील?"

भाच्याला हसू आवरले नाही. मामाही हसले. क्षणभर वाटले की सगळे सुटेल. पण भाच्याने रंधा खाली ठेवला आणि म्हणाला, "मामा, हे सगळं ऐकायला ठीक आहे. पण तुम्हाला कधी प्रश्नच पडला नाही. लहानपणापासून हेच ऐकलंत, म्हणून सोपं जातं तुम्हाला."

मामांनी उठून फळीवरून तळवा फिरवला.

"माझ्या बापाचा एक नियम होता," ते म्हणाले. "पेटीच्या झाकणाला खिळा ठोकायचा नाही, स्क्रू लावायचे. जे कधी उघडायचं नाही त्याला खिळा, जे उघडणार आहे त्याला स्क्रू. मी तोच पाळला. एकदा सोडून. तुझी मामेबहीण नऊ वर्षांची गेली तेव्हा तू पाळण्यात होतास. तिची पेटी मी केली. झाकण ठेवलं आणि खिळे ठोकले. चौदा. तुझी आई हात धरायला आली तर तिला ढकललं मी. पाच वर्षं मंदिराची पायरी चढलो नाही. तुझी मामी गेली तेव्हाही बाहेर उभा होतो."

भाच्याने हे कधीच ऐकले नव्हते. घरात या विषयावर कोणी बोलत नसे.

"मग परत कसे आलात?"

"चमत्कार झाला नाही, स्वप्न पडलं नाही. खोटं ठरवायला म्हणून येशूची चरित्रं वाचायला बसलो. आणि वाचताना लक्षात आलं की त्याचे शिष्य माझ्यासारखेच आहेत. पळाले, दारं लावून बसले, मासे धरायला परत गेले. स्वतःची अब्रू कोणी झाकलेली नाही. एक तर म्हणाला, जखमांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही. तीच माणसं पुढं चाबूक खातात, मरतात, पण 'आम्ही पाहिलं' हे सोडत नाहीत. दुसऱ्याच्या खोट्यासाठी माणूस मरतो, त्याला ते खरं वाटतं म्हणून. पण स्वतः रचलेल्या खोट्यासाठी? सगळेच्या सगळे? आणि जिथं पुरला त्याच शहरात सांगत सुटले. विरोधकांनी प्रेत आणून दाखवलं असतं की खेळ खलास. त्यांनी काय म्हटलं? चोरलं म्हणाले. म्हणजे कबर रिकामी आहे हे त्यांनाही मान्य होतं." मामांनी श्वास घेतला. "मी तुला गणितासारखं सिद्ध करून देऊ शकत नाही. पण न मानण्यासाठी जे जे मानावं लागतं, ते मला जास्त अवघड गेलं."

आपल्या प्राचीन नैयायिकांनी, म्हणजे तर्कशास्त्र्यांनी, ज्ञानाची जी साधने मानली त्यांत प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्याबरोबर शब्दालाही स्थान दिले आहे, मात्र तो शब्द आप्ताचा असावा लागतो. आप्त म्हणजे ज्याने वस्तू जशी आहे तशी जाणली आणि जशी जाणली तशी सांगितली तो. आपले आईबाप कोण, आपला जन्म केव्हा झाला, हेही आपण या एकाच प्रमाणावर जाणतो आणि त्याला अंधश्रद्धा म्हणत नाही. तेव्हा खरा प्रश्न एवढाच उरतो की तो साक्षीदार आप्त आहे की नाही. मामांनी हे शास्त्र वाचलेले नव्हते. पण त्यांनी भाच्याला नेमक्या त्याच उंबरठ्याशी आणून उभे केले होते.

संध्याकाळी भाचा आईजवळ गेला आणि म्हणाला, "आई, मी मोजलं होतं. मला ते वाक्य आज म्हणता येत नाही. खोटं म्हणणार नाही."

ताईने डोळे मिटले. तिच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. तरी तिने त्याचा हात सोडला नाही. "बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. "आता निदान माझा मुलगा माझ्याशी बोलतोय."

बुधवार गेला, गुरुवार गेला. भाचा मामांच्या बाकाच्या टोकाला शुभवर्तमाने, म्हणजे येशूची ती चार चरित्रे, आणि आपली जाडजूड पुस्तके उघडून बसे. मध्येच उठून विचारी, "चारही वृत्तांतांत बारीकसारीक फरक आहेत, त्याचं काय?" मामा म्हणत, "चार साक्षीदार शब्दाला शब्द एकच बोलले तर न्यायाधीश काय समजतो? शिकवून आणलेत." मग पुन्हा भिंतीपलीकडचा तो श्वास, जो दर तासाला आखूड होत होता. मामा झाकणाला पॉलिश करीत होते खरे, पण त्यांचा कान तिकडेच होता. ताईने या दोन दिवसांत एकदाही विषय काढला नाही. फक्त एकदा भावाला विचारले, "तुझं वाचायचं पुस्तक सापडलं का? चष्मा पुसून ठेव." म्हणजे तिने मुलाला बाकावर बसवले होते. मामांनी पुस्तक काढले आणि चष्मा पुसला.

शुक्रवारी डॉक्टर म्हणाले, "आता दिवस मोजू नका, तास मोजा."

शनिवारी सकाळी आठच्या सुमारास भाचा मधल्या खोलीत शिरला. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. हातात काही नव्हते. मामा त्याच्यामागून आले आणि दाराशी थांबले.

"आई," तो म्हणाला, "मी सुरुवात करतो."

ताईने डोळे उघडले. आवाज फार खोलातून आला. "माझ्या मरणासाठी म्हणत असशील तर नको."

"त्यासाठी म्हणायचं असतं तर मंगळवारीच म्हटलं असतं."

"मग?"

तो उशाशी गुडघ्यांवर बसला. "त्या माणसांना खोटं ठरवायला मला जागा सापडेना. खूप शोधली. प्रत्येक ठिकाणी मलाच काहीतरी रचावं लागत होतं. सगळं समजलंय असं नाही, आई. भीतीही वाटतेय. पण त्यांनी पाहिलं, एवढं मी मानतो. आणि पाहिलं असेल, तर तो म्हणाला तोच आहे."

"समजायला मलाही सत्तर वर्षं पुरली नाहीत," ती म्हणाली. "कर सुरुवात."

त्याने पहिले वाक्य म्हटले. दुसरे तिचे, देवाचा एकुलता पुत्र, आमचा प्रभू. ते तिने तीन श्वासांत म्हटले. तिसरे त्याचे. चौथे तिचे. त्यात मरण होते आणि कबर होती, आणि 'पुरला गेला' येथे येऊन तिचा श्वास संपला.

आता त्याची पाळी होती. मामांनी चौकट घट्ट धरली. भाच्याने चष्मा काढला, आणि प्रवचनातला तो कमावलेला मृदू आवाज सोडून, एखादी घडलेली गोष्ट सांगावी तशा साध्या आवाजात म्हणाला, की तो तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठला.

सहावे तिचे होते. ते आले नाही. छाती वर गेली, खाली आली, बराच वेळ वर गेली नाही. मामांचे ओठ आपोआप हलू लागले. भाच्याने मान न वळवता हात वर करून त्यांना थांबवले. तो वाट पाहत होता. रस्त्यावरून एक सायकल गेली, कुठेतरी नळ गळत होता. मग ताईने श्वास घेतला आणि सहावे वाक्य म्हटले. असेच आठवे. असेच दहावे, पापांच्या क्षमेचे, आणि ते म्हणताना तिने मुलाच्या केसांवर हात ठेवला. अकरावे त्याने म्हटले, देहाचे, आणि या वेळी त्याचा आवाज फुटला.

शेवटचे दोन शब्द तिचे होते. त्यासाठी त्या दोघांना किती थांबावे लागले हे मामांना पुढे कधी सांगता आले नाही. पण ते तिने म्हटले, स्पष्ट, शाळेत वर्ग सुटताना म्हणावे तसे.

दुपारी ती गेली.

रविवारी सकाळी दहा वाजता मंडळी जमली. मामा पहिल्या बाकावर बसले. पुस्तक त्यांनी मिटून मांडीवर ठेवले होते. कबरीपाशी भाचा उभा राहिला. रीतीप्रमाणे तेथेही विश्वासांगीकार म्हणायचा असतो, पण आता एकाआड एक म्हणणारे दुसरे कोणी नसते. बाराही वाक्ये त्याच्या वाट्याची होती. ती त्याने एकेक करून, कोठेही न चुकवता, म्हटली.